फोटो एडिटिंगसाठी फुकट की विकतचं सॉफ्टवेअर : तेरा आठवड्यांच्या चाचणीची तारीखवार नोंद

३ जानेवारीला सुरुवात केली, ५ एप्रिलला काम संपलं. कॅमेऱ्याबरोबर मिळणारं सॉफ्टवेअर पुरेनासं झालं होतं. रॉ फाइली (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती) उघडून उजेड आणि रंग नीट करायला, डाग पुसायला आणि अधूनमधून लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) वापरायला कायमचं काहीतरी हवं होतं. फुकटचं घ्यावं की विकतचं, एवढाच प्रश्न होता. त्याला तेरा आठवडे लागले, कारण पहिले दोन आठवडे मी चुकीची तुलना करत होते. आता कुणी याच जागी अडकलं असेल तर त्याचे निदान ते दोन आठवडे वाचावेत, म्हणून हे लिहिते आहे.

चुकीची तुलना म्हणजे सुविधांचा तक्ता. डाव्या रकान्यात लेयर, मास्क (फोटोचा हवा तो भाग वेगळा निवडणं), नॉइज (कमी उजेडातल्या फोटोत दिसणारे दाणे) कमी करणं, लेन्सची दुरुस्ती अशा गोष्टी, वरच्या ओळीत प्रोग्रामांची नावं आणि चौकटींत बरोबरच्या खुणा. सगळ्यांपुढे जवळजवळ सगळ्या खुणा आल्या. पण खूण असते ती सोय आहे की नाही याची. केस आणि आभाळ वेगळं करणारा मास्क एका ठिकाणी दहा सेकंदांत होतो, दुसऱ्या ठिकाणी पंचवीस मिनिटं खातो, आणि तक्त्यात दोघांची खूण सारखीच. १७ जानेवारीला तो तक्ता बाजूला ठेवला.

त्या दोन आठवड्यांत एक गोष्ट मात्र हाती लागली. ‘फुकट’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचे सगळे निर्णय चुकतात.

पहिली वस्तू मुक्त सॉफ्टवेअर : जिंप, डार्कटेबल, रॉथेरपी, क्रिटा, डिजिकॅम. यांचा स्रोत खुला असतो. कितीही संगणकांवर टाका, धंद्यासाठी वापरा, खातं उघडावं लागत नाही. दुसरी वस्तू कॅमेरा बनवणाऱ्यांचे प्रोग्राम, जसं कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल किंवा निकॉनचं एनएक्स स्टुडिओ. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या जेपेगसारखा रंग इथे सर्वांत सहज मिळतो, पण दुसऱ्या कंपनीच्या रॉ फाइली त्यांत चालत नाहीत. तिसरी वस्तू कंपनीने स्वखुशीने फुकट ठेवलेले प्रोग्राम. फोटोपी ब्राउझरमध्ये जाहिरातींसह चालतं आणि फोटो आपल्याच संगणकावर राहतात. आधी विकत मिळणारं ॲफिनिटी ऑक्टोबर २०२५ पासून फुकट झालं, फक्त खातं उघडावं लागतं. चौथी वस्तू विकतच्या प्रोग्रामाची फुकट पायरी : आकाराला मर्यादा, चित्रावर शिक्का, महिन्याला मोजकेच फोटो. ही चौथी वस्तू मी लगेच यादीतून काढली. ती वापरायला दिलेलीच नसते, चाखायला दिलेली असते.

विकतमध्येही दोन प्रकार आहेत. एक वर्गणीचा. फोटोशॉप २०१३ पासून याच वाटेवर आहे, एकदाच पैसे भरून घेता येणारी त्याची शेवटची आवृत्ती सीएस ६ होती. दुसरा एकरकमी, उदाहरणार्थ डीएक्सओ फोटोलॅब. त्यात घेतलेली आवृत्ती आपली राहते, पण पुढची मोठी आवृत्ती हवी असेल तर पुन्हा पैसे मोजावे लागतात. इथे एक बारीक मेख आहे. एकरकमी घेतलेल्या जुन्या आवृत्तीला नंतर आलेल्या कॅमेऱ्याची रॉ फाइल ओळखता येत नाही. कॅमेरा बदलला की आवृत्तीही बदलावी लागते. अडोबीचा फुकट डीएनजी कन्व्हर्टर वापरून फाइली डीएनजी या सामाईक रॉ प्रकारात बदलल्या की पुष्कळदा ही अडचण सुटते.

‘फुकटचं उद्या बंद पडलं तर?’ ही भीती मलाही होती. इतिहास पाहिल्यावर ती गेली, आणि तिच्या जागी अधिक उपयोगाची काळजी आली. पिकासा फुकट होतं, गूगलने ते २०१६ मध्ये बंद केलं. ॲपर्चर विकतचं होतं, ॲपलने २०१४ मध्ये त्याचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं, आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनावर ते चालेनासं झालं. निक कलेक्शन विकतचं होतं, २०१६ मध्ये गूगलने फुकट केलं, २०१७ मध्ये ते डीएक्सओकडे गेलं आणि पुन्हा विकतचं झालं. जिंप १९९६ पासून लोकांच्या हातात आहे आणि अजून नव्या आवृत्त्या येताहेत. किंमत आणि आयुष्य यांचा संबंध नाही. जो प्रोग्राम आज निवडाल तो कधीतरी सोडावा लागणार, हे धरून चालायचं आणि विचारायचं : सोडताना माझ्या हातात काय उरेल?

रॉ फाइलीवर केलेलं काम फोटोत साठत नाही, सूचनांच्या यादीत साठतं. ‘एक्स्पोजर इतकं वाढव, सावली इतकी उचल’ अशी ती यादी असते आणि तिचा अर्थ फक्त त्या प्रोग्रामाच्या इंजिनाला कळतो. एकातून दुसऱ्यात जाताना तारांकन, कीवर्ड, मथळे, जीपीएस हे सामाईक पद्धतीने लिहिलेलं असल्यामुळे येतं. रंग-उजेडाचं काम येत नाही, फार तर क्रॉप आणि दोनचार साधे आकडे येतात. निवडीचा खरा भार इथे आहे.

चाचणीचा संच

१८ जानेवारीला वीस फोटोंचा संच केला. प्रत्येक प्रोग्रामला हेच वीस द्यायचे, बाजूला घड्याळ लावायचं. असा संच करताना चांगले फोटो घेऊ नका, अडचणीचे घ्या. माझ्या संचात खिडकीपाशी काढलेला फोटो होता : आत अंधार, बाहेर कडक ऊन. आयएसओ ६४०० चा, म्हणजे कमी उजेडात सेन्सरची संवेदनशीलता खूप वाढवून काढलेला, घरातला फोटो होता. तीन स्टॉप कमी, म्हणजे हव्या त्याच्या आठव्या भागाएवढ्या उजेडात निघालेला एक. गडद लाल फूल, कारण लाल चॅनल आधी फुटतो आणि पाकळ्यांची घडी नाहीशी होते. रुंद लेन्सने काढलेली इमारत, कडा वाकतात की नाही ते पाहायला. वाऱ्यावर उडणारे केस आणि मागे पानं. सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पडलेलं आभाळ. चेहऱ्यांचे चार फोटो, वेगवेगळ्या त्वचेचे आणि वेगवेगळ्या दिव्यांतले. ओरखडे पडलेल्या जुन्या छापील फोटोचं स्कॅन. फोनचे दोन जेपेग. बाकीचे साधे, कारण रोजचं काम साध्याच फोटोंचं असतं. शिवाय एकाच प्रसंगाचे २०० फोटो वेगळे ठेवले, एकगठ्ठा कामासाठी.

सुरू करण्याआधी पडद्याचा उजेड कमी करून तो मोजून घ्या. छापायच्या फोटोंसाठी चौरस मीटरला १०० ते १२० कँडेलाच्या आसपास ठेवतात, आणि नव्या लॅपटॉपचा उजेड याहून बराच जास्त असतो. तसाच ठेवून काम केलं की छापलेला फोटो काळवंडतो आणि दोष सॉफ्टवेअरला लागतो.

डाउनलोड करताना प्रकल्पाच्या मूळ संकेतस्थळावरूनच करा. शोधयंत्रात सगळ्यांत वर दिसणारी जाहिरात बनावट असू शकते, फुकट प्रोग्रामांच्या नावाने मालवेअर वाटण्याचे प्रकार झालेले आहेत. स्थळावर एसएचए-२५६ ची बेरीज (फाइल मूळचीच आहे का ते ओळखायची लांब अक्षर-अंकांची ओळ) दिलेली असेल तर उतरवलेल्या फाइलीची बेरीज तिच्याशी ताडून पाहा, एका मिनिटाचं काम आहे. आणि डाउनलोडच्याही आधी तुमचा कॅमेरा त्या प्रोग्रामच्या यादीत आहे का ते बघा. नवा कॅमेरा मुक्त प्रोग्रामांत यायला काही वेळा महिने लागतात.

डार्कटेबलचे तीन आठवडे

१९ जानेवारीला डार्कटेबल उघडलं आणि पहिल्याच संध्याकाळी सोडून द्यावंसं वाटलं. फोटो फिका, निर्जीव. हे बहुतेकांचं होतं, म्हणून कारण नीट सांगते. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसतो तो जेपेग : त्यावर कॅमेऱ्याने कॉन्ट्रास्ट, रंगाचा भर, धार सगळं आधीच चढवलेलं असतं. रॉ फाइलीत यातलं काहीच नसतं. विकतचे प्रोग्राम उघडतानाच स्वतःची एक चव त्यावर चढवतात, म्हणून तिथे फोटो लगेच बरा दिसतो. डार्कटेबल फारच थोडं चढवतं. माहिती मात्र सगळी असते : १४ बिटच्या रॉमध्ये दर चॅनलला १६,३८४ पायऱ्या, ८ बिटच्या जेपेगमध्ये २५६.

तिसऱ्या दिवशी क्रम सापडला आणि तो अजून बदलावा लागला नाही. आधी एक्स्पोजर, तेही मधल्या छटा पाहून. आभाळ पांढरं झालं तरी या टप्प्यावर तिकडे पाहायचं नाही. मग सिग्मॉइड किंवा फिल्मिक, म्हणजे उजेड-अंधाराच्या छटा पडद्याच्या आवाक्यात बसवणारी मॉड्यूल (प्रोग्रामातली एकेका कामाची साधनं), दोन्हींपैकी एकच. दोन्ही चालू राहिले तर छटा दोनदा दाबल्या जातात आणि चेहरे राखाडी पडतात. मी सिग्मॉइड घेतलं, कॉन्ट्रास्ट दीडच्या आसपास. मग कलर बॅलन्स आरजीबीमध्ये रंगाचा भर. मग लेन्सची दुरुस्ती, आणि गरज असेल तरच नॉइज काढणारं प्रोफाइल्ड डीनॉइज.

तीन चुका मी केल्या, त्या जवळजवळ सगळेच करतात. पहिली, व्हाइट बॅलन्सच्या मॉड्यूलमध्ये हात घालणं. नव्या पद्धतीत ते कॅमेऱ्याच्या संदर्भावर स्थिर ठेवायचं आणि रंगाचं तापमान कलर कॅलिब्रेशनमध्ये सुधारायचं. दोन्हीकडे बदल केला की इशारा येतो आणि त्वचेचा रंग बिघडतो. दुसरी, मॉड्यूल ज्या क्रमाने दाबली त्याच क्रमाने ती लागू होतात असं समजणं. क्रम आतून ठरलेला असतो, आपण आधी काय दाबलं याने फरक पडत नाही. तिसरी, फाइली बाहेरून, फोल्डरच्या खिडकीतून हलवणं. मग प्रोग्रामात त्या फोटोच्या जागी कवटी दिसते : नोंद आहे, फाइल नाही. फोल्डर हलवायचाच असेल तर डार्कटेबलच्या आतून हलवावा.

वेळेची नोंद अशी : पहिल्या आठवड्यात एका फोटोला सरासरी १२ मिनिटं, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ३. एकगठ्ठा २०० फोटोंना तर त्याहून कमी, कारण एका फोटोवरचं काम कॉपी करून बाकीच्यांवर निवडक पेस्ट करता येतं. निवडक हा शब्द महत्त्वाचा आहे. क्रॉप आणि डाग पुसणं त्या यादीतून काढून टाका, नाहीतर एका फोटोतला धुळीचा ठिपका पुसायला ठेवलेलं वर्तुळ दुसऱ्या फोटोतल्या डोळ्यावर जाऊन बसतं.

निर्यातीत एक छोटा सापळा आहे. आकार लहान करून निर्यात करताना उच्च दर्जाचं रीसॅम्पलिंग बंद असेल तर धार आणि नॉइजचं काम लहान आकारावर होतं, आणि पडद्यावर पाहिलं त्यापेक्षा वेगळं चित्र हाती येतं. तो पर्याय चालू ठेवा, वेळ थोडा जास्त जातो. माझ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर २०० फोटोंना ५० मिनिटं लागली. ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेणारी ओपनसीएल ही सोय चालू होईना. ग्राफिक्सचा ड्रायव्हर निर्मात्याच्या स्थळावरून नव्याने टाकल्यावर ते चालू झालं आणि वेळ २२ मिनिटांवर आला. ‘डार्कटेबल हळू आहे’ असं वाटलं तर आधी हे तपासा.

लेन्सची दुरुस्ती लेन्सफन नावाच्या खुल्या माहितीसाठ्यावर चालते. माझ्या दोन लेन्स त्यात होत्या, तिसरी नव्हती. तिच्या फोटोंत इमारतीच्या कडा हातानेच सरळ कराव्या लागल्या. ही उणीव खरी आहे. इमारतींचेच फोटो काढत असाल तर आपली लेन्स आधी शोधून पाहा.

फेब्रुवारीच्या पहिल्या दोन दिवसांत रॉथेरपी पाहिलं. बारीक तपशील आणि धार यांवरचा ताबा उत्तम. ज्यांना एकेका फोटोवर निवांत काम करायचंय त्यांना ते डार्कटेबलपेक्षा लवकर उमगेल. मला मास्क आणि फोटोंची वर्गवारी जास्त लागते, म्हणून पुढे नेलं नाही.

जिंप

९ फेब्रुवारीपासून जिंप. इथे पहिली गोष्ट समजून घ्यावी : जिंप स्वतः रॉ उघडत नाही. रॉ फाइल दिली की ते डार्कटेबल किंवा रॉथेरपीला हाक मारतं, तिथे विकसित झालेलं चित्र आत घेतं. त्यामुळे जिंप आणि डार्कटेबल यांतलं एक निवडायचं नसतं, त्यांची जोडी असते.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर लेयरवर टांगलेले राहतात. नंतर त्यांचे आकडे बदलता येतात, ते बंद करता येतात. त्याआधी फिल्टर लावला की चित्रच बदलायचं. म्हणून जिंपविषयी जुने लेख वाचताना आवृत्ती पाहा, निम्म्या तक्रारी आता लागू होत नाहीत. याच बदलाची दुसरी बाजूही आहे. २.१० साठी लिहिलेले बरेच प्लगइन (बाहेरून जोडायची छोटी साधनं) ३.० मध्ये नव्याने लिहिल्याशिवाय चालत नाहीत. एखाद्या प्लगइनवर काम अवलंबून असेल तर ते आधी तपासा.

साठवताना गोंधळ होतो. ‘सेव्ह’ म्हटलं की एक्ससीएफ फाइलच होते, लेयरसकट. जेपेग हवा असेल तर ‘एक्स्पोर्ट’, म्हणजे कंट्रोल, शिफ्ट आणि ई. ही पद्धत मला आता बरी वाटते, कारण लेयरचं काम चुकून जेपेगमध्ये सपाट होत नाही.

मेमरीचा हिशोब मांडला तेव्हा लॅपटॉप का गुदमरतो ते कळलं. २४ मेगापिक्सेलचा फोटो, ३२ बिट फ्लोट (दर चॅनलला ४ बाइट), चार चॅनल : दर पिक्सेलला १६ बाइट, म्हणजे एक लेयर ३८४ एमबी. दहा लेयर झाले की ३.८ जीबी, आणि मागे घेण्याच्या पायऱ्यांसाठीची जागा निराळी. १६ बिटवर हे निम्मं होतं. जुन्या मशीनवर १६ बिटवरच काम करा, डोळ्याला फरक दिसत नाही.

जुन्या फोटोवरचे ओरखडे हील साधनाने ४० मिनिटांत गेले. कंट्रोल दाबून चांगली जागा उचलायची, मग ओरखड्यावरून हात फिरवायचा. लांब ओरखड्यांसाठी उचलण्याची जागा दर काही सेंटिमीटरला बदला, नाहीतर तोच पोत पुन्हा पुन्हा उमटतो. केसांच्या मास्कने मात्र दमवलं : २५ मिनिटं, आणि शेवटी पानांची हिरवी किनार राहिलीच.

देवनागरी मजकुराची चाचणी ज्यांना भित्तिपत्रकं किंवा निमंत्रणं करायची आहेत त्यांनी आवर्जून करावी. ‘क्ष्म्य’, ‘र्‍या’, ‘द्ध्व’ आणि ऱ्हस्व वेलांटीचे शब्द टाइप करून पाहा. जिंपमध्ये ती बरोबर उमटली. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय आधी निवडावा लागतो, नाहीतर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते आणि जोडाक्षरं फुटतात.

छपाईसाठी सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत) लागत असेल तर जिंप त्यात निर्यात करतं आणि छपाईची झलक दाखवतं, पण काम आरजीबीमध्येच, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीत, करावं लागतं. थेट सीएमवायकेत काम क्रिटामध्ये होतं. समोरून पीएसडी (फोटोशॉपच्या फाइली) येत असतील तर सावध राहा. लेयर उघडतात, पण स्मार्ट ऑब्जेक्ट आणि काही अॅडजस्टमेंट लेयर जसेच्या तसे येत नाहीत.

सात दिवसांची मुदत, आणि एक महागात पडू शकणारी चूक

१६ फेब्रुवारीला वर्गणीच्या एका प्रोग्रामची सात दिवसांची चाचणी सुरू केली. ही मुदत सलग मोकळा वेळ असेल तेव्हाच सुरू करा. मी जानेवारीतच संच तयार ठेवला होता म्हणून सात दिवस पुरले.

निकाल प्रामाणिकपणे लिहिते. पहिल्याच दिवशी सरासरी ४ मिनिटं. केसांचा मास्क एका क्लिकवर, आणि दोन मिनिटांची डागडुजी. आयएसओ ६४०० चा फोटो त्यातल्या एआय मॉडेलने साफ केला तो प्रोफाइल्ड डीनॉइजपेक्षा उघडपणे सरस निघाला, पापण्या सुट्या दिसत होत्या. पण माझ्या मशीनवर त्या एका फोटोला ९ मिनिटं लागली. ही सोय ग्राफिक्स कार्डाच्या जोरावर चालते, आणि वर्गणी भरली तरी कार्ड वेगळंच घ्यावं लागतं. बाकी साध्या फोटोंत, दोन्हीकडचे निकाल शेजारी ठेवून, नावं झाकून पाहिले तेव्हा मला फरक सांगता आला नाही.

आता चूक. चाचणीला कार्डाचा क्रमांक द्यावा लागला होता, आणि मुदत संपताच ती आपोआप वर्गणीत बदलणार होती. सातव्या दिवशी रद्द करायचं ठरवलं होतं. शेवटचा दिवस कोणत्या टाइमझोनप्रमाणे मोजतात ते पाहिलं नाही, आणि रक्कम कापली गेली. खरा धक्का पुढे बसला : मी जिला महिन्याची वर्गणी समजत होते ती वर्षाची होती, हप्ता फक्त महिन्याचा. अशा करारात परताव्याची मुदत टळली की मध्येच सोडताना उरलेल्या महिन्यांच्या रकमेचा काही भाग दंड म्हणून द्यावा लागू शकतो. पोटात गोळा आला.

त्याच रात्री केलं ते असं. करार आणि परताव्याच्या अटींची पानं पीडीएफ करून ठेवली. खात्यातून रद्द करण्याची वाट धरली. मध्ये सवलतीचे दोन प्रस्ताव येतात, ते ‘नको’ म्हणत शेवटच्या पानापर्यंत जावं लागतं. रद्द झाल्याचा ईमेल येईपर्यंत खिडकी बंद केली नाही. परताव्यासाठी चॅटवर ऑर्डर क्रमांक दिला, तक्रारीचा क्रमांक मागून घेतला, संवाद साठवला. परताव्याची मुदत अजून शिल्लक होती म्हणून पूर्ण रक्कम त्याच कार्डावर नवव्या दिवशी, ४ मार्चला आली. तेवढे नऊ दिवस रोज खातं तपासत होते. तुम्ही चाचणी सुरू कराल त्याच क्षणी दोन दिवस आधीची आठवण लावा, आणि ‘वार्षिक, मासिक हप्त्याने’ हे शब्द कुठे आहेत ते शोधा.

वर्गणी संपल्यावर काय उघडतं हेही घेण्याआधी पाहायचं. लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो पाहणं आणि निर्यात चालू राहतं, डेव्हलप आणि मॅप हे विभाग बंद होतात. शिवाय तिथलं काम मुळात कॅटलॉगमध्ये (प्रोग्रामच्या स्वतःच्या नोंदवहीत) असतं. फोटोशेजारी एक्सएमपी (सूचनांची ती यादी साठवणारी छोटी फाइल) लिहिण्याची सेटिंग आपण चालू करावी लागते. जे आज वर्गणीवर आहेत त्यांनी ती आजच चालू करावी.

हिशोब आणि निर्णय

१५ मार्चला पाच वर्षांचा हिशोब मांडला. वर्गणी म्हणजे साठ हप्ते, मध्ये दर वाढणार हे धरून. एकरकमी म्हणजे पहिली किंमत आणि निदान दोन अपग्रेड. फुकट म्हणजे शिकण्याचे तास : माझे ३८ झाले, रोज लिहून ठेवले होते. एका तासाच्या कामाचे तुम्हाला जे मिळतात त्याने ३८ ला गुणा आणि साठ हप्त्यांशेजारी ठेवा. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा येईल, आणि तो काढल्याशिवाय ‘फुकट स्वस्त पडतं’ असं म्हणू नये.

माझं उत्तर डार्कटेबल आणि जिंप. माझे साधे फोटो जास्त, घाई नसते, आणि आयएसओ ६४०० वर काम क्वचित. पण ज्यांना शेकडो फोटो दोन दिवसांत द्यायचे असतात, ज्यांचा दिवस चेहऱ्यांचे आणि केसांचे मास्क करण्यात जातो, किंवा ज्यांची पीएसडीची देवाणघेवाण रोजची आहे, त्यांनी वर्गणी भरावी असं मला मनापासून वाटतं. तिथे फुकटचा हट्ट धरला तर रात्री जातील. मधल्या लोकांनी आधी ॲफिनिटी पाहावं. आणि क्रॅक केलेली प्रत घेऊ नका : तिच्याबरोबर काय आत येतं ते कळत नाही, आणि त्याच संगणकावर तुमचे फोटो आणि बँकेचे पासवर्ड असतात.

२८ मार्चला स्थलांतर. जुन्या प्रोग्राममध्ये पूर्ण झालेले फोटो आधी तिथूनच निर्यात केले : निवडक ६० फोटो १६ बिट टिफमध्ये (माहिती न गमावणारा मोठा फाइल प्रकार), बाकीचे पूर्ण आकाराच्या जेपेगमध्ये. २४ मेगापिक्सेलचा १६ बिट टिफ, न दाबलेला, साधारण १४४ एमबीचा होतो, म्हणून सगळेच टिफ करण्याचा मोह टाळा. मग वर्ष आणि तारखेप्रमाणे फोल्डर लावले. डार्कटेबलमध्ये ‘कॉपी करून आयात’ न करता ‘लायब्ररीत जोडा’ निवडलं, म्हणजे फाइली जिथे आहेत तिथेच राहिल्या. प्रत्येक रॉशेजारी एक्सएमपी लिहिली जाते आहे याची खात्री केली. बॅकअपमध्ये फोटो, एक्सएमपी आणि डार्कटेबलचा सेटिंग फोल्डर असे तिन्ही घेतले. नवी आवृत्ती टाकण्याआधी हा फोल्डर पुन्हा कॉपी करायचा, कारण नव्या आवृत्तीने बदललेली लायब्ररी जुनी आवृत्ती उघडत नाही.

शेवटची परीक्षा ५ एप्रिलला. दुसऱ्या संगणकावर डार्कटेबल नव्याने टाकलं, बॅकअपच्या डिस्कवरून फक्त रॉ आणि एक्सएमपी उचलल्या, लायब्ररी मुद्दाम नेली नाही. २०० फोटो जोडले. १९७ वर काम जसंच्या तसं दिसलं. उरलेल्या तिघांच्या एक्सएमपी डिस्कवर नव्हत्याच : बॅकअप चालू असताना मी ते फोटो प्रोग्राममध्ये उघडे ठेवले होते. प्रोग्राम बंद करून बॅकअप पुन्हा घेतला, तेच पुन्हा केलं, आणि २०० आले.